वृत्तवाक्यातील उक्तिक्रियापद : इंग्रजी 'सेड' आणि मराठी 'म्हणाले'

१

वृत्तपत्रीय भाषेची चिकित्सा करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः विशेषणांकडे जाते. जमावाला 'संतप्त' म्हटले आहे की 'बेभान', निर्णयाला 'धाडसी' म्हटले आहे की 'अविचारी', यावरून वृत्तपत्राचा कल ओळखण्याची रीत रूढ आहे. विशेषण आपले मत उघडपणे सांगते, म्हणून ते सहज पकडले जाते. क्रियापदाचे तसे नाही. त्याच्यावाचून वाक्य पूर्ण होत नाही, आणि म्हणूनच ते नजरेतून निसटते. विशेषतः कोणी काय म्हटले हे सांगणारे क्रियापद इतक्या वेळा येते की वाचक ते वाचतो न वाचतो तोच पुढे सरकतो. वस्तुतः बातमीतील बराचसा मजकूर 'काय घडले' याचा नसतो. 'काय घडले असे कोण म्हणाले' याचा असतो. अशा वाक्यांत बातमीच्या सत्यतेचा भार या एका क्रियापदावर पडतो.

इंग्रजी बातमीत हे काम प्रामुख्याने 'से' हे क्रियापद आणि 'सेड' हे त्याचे भूतकाळी रूप करते. जर्मन भाषेतील 'झागेन' हे त्याचेच भावंड. अर्थाने ते अगदी साधे, रोजच्या बोलण्यातले आहे. कथा-कादंबरीच्या लेखकाला त्याची पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते आणि तो 'पुटपुटला', 'गरजला', 'उद्गारला' अशा पर्यायांकडे वळतो. इंग्रजी वृत्तसंस्थांच्या लेखनसंहिता मात्र नेमका उलट आग्रह धरतात : पर्याय शोधू नका, 'सेड' पुरेसे आहे. या आग्रहामागील भाषिक कारण कोणते, आणि मराठी वृत्तगद्यात त्या क्रियापदाचे काय होते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी अशा क्रियापदांना 'उक्तिक्रियापद', आणि ते क्रियापद व त्याचा कर्ता मिळून होणाऱ्या वाक्यांशाला 'उक्तिनिर्देश' असे म्हटले आहे.

हा विचार मराठीच्या अभ्यासकाला परका नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेले 'दर्पण' इंग्रजी आणि मराठी अशा दोन स्तंभांत छापले जाई. म्हणजे मराठी वृत्तगद्य जन्मापासूनच इंग्रजीच्या शेजारी वाढले. पुढे १८५१ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या रॉयटरच्या तारा आणि स्वातंत्र्यानंतर 'प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया'सारख्या वृत्तसंस्थांचा इंग्रजी मजकूर यांचा अनुवाद हे मराठी वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागाचे दीर्घकाळ नित्याचे काम राहिले. 'सेड'चा मराठी अनुवाद हा त्यामुळे केवळ कोशाचा प्रश्न नाही. मराठी बातमीच्या वाक्यरचनेच्या घडणीचा तो एक भाग आहे.

२

एक साधे नमुनावाक्य घेऊ : 'द इंजिनिअर सेड दॅट द ब्रिज वॉज अनसेफ.' अभियंता म्हणाला की पूल धोकादायक आहे. या वाक्यात दोन विधाने एकात एक बसवलेली आहेत. बाहेरचे विधान 'अभियंता अमुक म्हणाला' हे आहे, आतले विधान 'पूल धोकादायक आहे' हे आहे. वार्ताहर हमी देतो ती फक्त बाहेरच्या विधानाची. आतल्या विधानाची हमी अभियंत्याची. अभियंता तसे म्हणालाच नसेल तर बातमी खोटी. अभियंता म्हणाला पण पूल भक्कम निघाला, तर बातमी शब्दशः खरीच राहते. 'सेड'चे पहिले वैशिष्ट्य हे की ते या दोन विधानांना एकमेकांत मिसळू देत नाही. आतल्या विधानाच्या खरेखोटेपणाविषयी ते मौन पाळते.

दुसरे वैशिष्ट्य असे की कर्तरी रचनेत 'सेड'ला कर्ता लागतोच. कोण म्हणाले, या प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज वाक्य पुरे होत नाही. 'ऑफिशिअल्स सेड' अशी मोघम योजना करता येते, परंतु मोघमपणाही तेथे उघड दिसतो. 'इट वॉज सेड' ही कर्मणी रचना इंग्रजीत आहे. पण कर्ता गायब होतो म्हणून बातमीत तिला सहसा थारा दिला जात नाही.

तिसरे वैशिष्ट्य स्थानाचे आहे. 'सेड' आपल्या कर्त्यासह वाक्याच्या आरंभी येऊ शकते, मध्ये दोन स्वल्पविरामांत बसू शकते, शेवटीही येऊ शकते. बातमीच्या पहिल्या वाक्यात ते बहुधा शेवटी येते, कारण महत्त्वाचा तपशील आधी यावा असा संकेत आहे : 'द ब्रिज इज अनसेफ, अ‍ॅन इंजिनिअर सेड ऑन मंडे.' क्वचित क्रमही उलटतो आणि क्रियापद कर्त्याच्या आधी येते. १९२३ मध्ये निघालेल्या 'टाइम' साप्ताहिकाने उलट्या वाक्यक्रमाचा इतका सोस धरला की १९३६ मध्ये 'न्यूयॉर्कर'ने त्याचे विडंबन छापले. तथापि क्रम कोणताही असो, दोन विधानांचे वेगळेपण कायम राहते.

चौथे वैशिष्ट्य काळाचे. बातमीच्या मजकुरात 'सेड' भूतकाळात असते, कारण उच्चार एका ठरावीक दिवशी घडून गेलेली घटना आहे. मथळ्यात मात्र तेच 'सेज' असे वर्तमानकाळी होते. मजकुरात 'सेड'च्या प्रभावाने आतल्या वाक्यातील क्रियापदही अनेकदा मागच्या काळात सरकते. 'इज अनसेफ'चे 'वॉज अनसेफ' होते. हा केवळ व्याकरणाचा संकेत आहे. पूल आता सुरक्षित झाला, असा त्याचा अर्थ नव्हे. मराठीत असा काळसंक्रम नाही. आपण बोलणाऱ्याचा काळ तसाच ठेवतो : 'पूल धोकादायक आहे, असे अभियंत्यांनी सांगितले.' घाईच्या अनुवादात 'पूल धोकादायक होता, असे सांगितले' असे वाक्य उतरते, आणि एका क्रियापदाच्या चुकीने पुलावरचा धोका टळल्याची बातमी छापली जाते.

३

'सेड'चे तटस्थपण त्याच्या भावंडांशेजारी ठेवल्यावर अधिक स्पष्ट होते. तेच नमुनावाक्य 'क्लेम्ड', 'अ‍ॅडमिटेड', 'रिव्हील्ड', 'पॉइंटेड आउट', 'अलेज्ड' या क्रियापदांनी लिहून पाहावे. अभियंत्याने दावा केला, कबूल केले, उघड केले, निदर्शनास आणले, आरोप केला. अभियंता तोच, शब्द तेच, पूलही तोच. परंतु प्रत्येक वाक्यात वार्ताहराची भूमिका बदलते. 'दावा केला' म्हटल्यावर वार्ताहर एक पाऊल मागे सरतो आणि वाचकाला सावध करतो. 'उघड केले' व 'निदर्शनास आणले' म्हटल्यावर तो अभियंत्याच्या शेजारी उभा राहतो, कारण जे नाही ते उघड करता येत नाही. 'कबूल केले' म्हटल्यावर पूल धोकादायक आहे हे तर गृहीत धरले जातेच, शिवाय ते अभियंत्याला लपवायचे होते, त्यात त्याचा काही दोष होता, असाही ध्वनी निघतो.

या गृहीताची परीक्षा सोपी आहे. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फॅक्ट' या निबंधात पॉल किपार्स्की आणि कॅरल किपार्स्की यांनी काही क्रियापदे आपल्या आतल्या वाक्याचे सत्य गृहीत धरतात हे दाखवून दिले. वाक्याला नकार जोडला तरी हे गृहीत टिकून राहते, ही त्याची खूण. 'पूल धोकादायक असल्याचे अभियंत्यांनी निदर्शनास आणले नाही' या वाक्यात नकार आहे, तरी पूल धोकादायकच राहतो. ठपका मात्र अभियंत्यांवर येतो. 'पूल धोकादायक आहे असे अभियंते म्हणाले नाहीत' या वाक्यातून पुलाविषयी काहीच निष्पन्न होत नाही. पहिल्या प्रकारच्या क्रियापदांना 'तथ्यगृहीतक' म्हणता येईल. 'सेड' त्या वर्गात नाही. वृत्तलेखनात त्याला मिळालेला मान या अभावामुळेच आहे.

येथे शैलीचा एक सामान्य नियम उलटा होतो. शालेय निबंधात शब्दाची पुनरुक्ती हा दोष मानतात आणि पर्यायी शब्दांची श्रीमंती हा गुण. वृत्तवाक्यात उक्तिक्रियापद बदलणे म्हणजे शब्द बदलणे नव्हे, तर साक्ष बदलणे होय. न्यायालयातील लघुलेखक साक्षीदाराच्या प्रत्येक उत्तरामागे नवे क्रियापद योजू लागला तर ते जसे अनुचित ठरेल, तसेच हे आहे.

४

बोलणाऱ्याने एखादी गोष्ट स्वतः पाहिली की दुसऱ्याकडून ऐकली, हे दाखविण्याची गरज सर्वच भाषांना असते. साधने मात्र निरनिराळी. काही भाषांत ते क्रियापदाच्या प्रत्ययातूनच दाखविले जाते. तुर्की भाषेत भूतकाळाचे दोन प्रत्यय असून त्यांपैकी 'मिश' हा ऐकीव किंवा अनुमानित घटनेसाठी येतो. रोमान याकोबसन यांनी १९५७ मध्ये या व्याकरणिक कोटीला स्वतंत्र नाव दिले आणि अलेक्झांड्रा आयखेनवाल्ड यांच्या २००४ मधील ग्रंथात जगभरातील अनेक भाषांमधील तिचे स्वरूप विस्ताराने आले आहे. मराठीत तिला 'प्रमाणदर्शकता' म्हणण्यास हरकत नाही, कारण ज्ञान कोणत्या प्रमाणाने झाले, प्रत्यक्षाने की शब्दाने, हा प्रश्न भारतीय परंपरेला जुनाच आहे. पाणिनीने लिट् लकार सांगितला तो बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेल्या भूतकालीन घटनेसाठी. आणि संस्कृतातील 'किल' हे अव्यय ऐकीव वार्ता सूचित करण्यासाठीही येते. शेजारच्या कन्नडमध्ये 'अंते' आणि तेलुगूत 'अट' हे वाक्यान्ती येणारे शब्दांश हेच काम करतात.

मराठीजवळ 'म्हणे' आहे. 'तो म्हणे परदेशी गेला' या वाक्यातील 'म्हणे' मुळात 'म्हणणे' या धातूचेच रूप. पण आता त्याला कर्ता उरलेला नाही. कोण म्हणते, या प्रश्नाला तेथे उत्तर नाही आणि अपेक्षितही नाही. एका अक्षरसमूहात वक्ता सांगून टाकतो की हे माझे पाहिलेले नाही, आणि सुराप्रमाणे त्यात अविश्वासाची किंवा उपरोधाची छटाही मिसळतो. 'म्हणून' या रूपाचा उक्तिदर्शक वापरही मराठीत आहे. संस्कृत 'इति' आणि कन्नड 'अंत' यांच्याशी त्याचे साम्य अभ्यासकांनी नोंदविले आहे. इंग्रजीजवळ प्रत्ययही नाही आणि 'म्हणे'सारखे सुटसुटीत अव्ययही नाही. व्याकरणाने न दिलेले हे साधन इंग्रजी वृत्तलेखनाने 'सेड'च्या काटेकोर वापरातून घडवून घेतले, असे म्हणता येईल.

साक्षीची काळजी घेणारी गद्यपरंपराही मराठीत आहे. म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्यांकडे जाऊन, त्यांच्या आठवणी विचारून. आणि आठवणीतील पाठभेद कोणाचे हेही त्या परंपरेने नोंदवून ठेवले. कोण म्हणाले याची नोंद ही मराठी गद्याला इंग्रजीने शिकविलेली गोष्ट नव्हे.

५

असे असता मराठी वृत्तवाक्यात 'सेड'चे काय होते? प्रथम 'म्हणणे' आणि 'सांगणे' यांतील भेद लक्षात घ्यावा लागेल. 'मंत्री म्हणाले' या कर्तरी रचनेत उच्चाराकडे लक्ष असते. आतल्या विधानाबाबत ती 'सेड'इतकीच अलिप्त आहे. 'अहवालात म्हटले आहे', 'पत्रकात म्हटले आहे' येथे अहवाल कर्ता होत नाही, तो अधिकरण होतो. कागद बोलत नाही, कागदात बोललेले असते, ही मराठीची जाण आहे. इंग्रजीत मात्र अहवालही 'सेज'. 'सांगणे'ला ऐकणारा लागतो. सांगणारा जाणतो आणि ऐकणारा जाणत नाही, असे नाते त्यात सूचित होते. त्यामुळे 'पोलिसांनी सांगितले' हे वाक्य 'पोलीस म्हणाले' याहून किंचित अधिक विश्वास देते. हा भेद सूक्ष्म आहे. पण मराठी भाषकाच्या कानाला तो जाणवतो.

खरी अडचण यापुढे सुरू होते. मराठी वृत्तगद्यात उक्तिनिर्देश पुष्कळदा साध्या क्रियापदाने होत नाही. तो नाम आणि 'देणे', 'करणे', 'मांडणे', 'व्यक्त करणे' अशा क्रियापदांच्या जोडीने होतो. 'अशी माहिती दिली', 'असा आरोप केला', 'असा दावा केला', 'अशी टीका केली', 'अशी ग्वाही दिली', 'अशी भीती व्यक्त केली'. या रचनेत नाम हे निव्वळ पूरक नसते. ते आतल्या विधानाचा वर्ग ठरवते. 'माहिती' म्हटले की विधान ज्ञानाच्या कोटीत जाते, 'आरोप' म्हटले की विवादाच्या. 'सेड'ने जे मोकळे ठेवले होते ते मराठी नामाने बंद करून टाकले.

धरणातील पाणीसाठ्याचे उदाहरण घ्यावे. 'कालव्यात पुरेसे पाणी सोडले आहे, अशी माहिती पाटबंधारे अधिकाऱ्यांनी दिली. कालव्याच्या टोकाला पाणी पोहोचलेच नाही, असा आरोप शेतकऱ्यांनी केला.' दोन्ही विधाने एकाच प्रकारची आहेत. दोन्ही मोजून, पाहून ठरविता येण्याजोगी आहेत. किंबहुना टोकाच्या शेतात पाणी आले की नाही, हे त्या शेतात उभ्या असलेल्या माणसाने प्रत्यक्ष पाहिलेले आहे. तरीही अधिकाऱ्याचे विधान 'माहिती' ठरते आणि शेतकऱ्याचे 'आरोप'. वार्ताहराने कोणाची बाजू घेतली असे कोठेही दिसत नाही, एकही विशेषण वापरलेले नाही. पक्षपात घडला तो अंगवळणी पडलेल्या वाक्प्रयोगातून. हाच मजकूर 'कालव्यात पुरेसे पाणी सोडले आहे, असे अधिकारी म्हणाले. टोकाला पाणी पोहोचलेच नाही, असे शेतकरी म्हणाले' असा लिहिला तर दोन साक्षी समोरासमोर उभ्या राहतात आणि वाचकाच्या मनात योग्य तो प्रश्न निर्माण होतो : मग कालव्यावर जाऊन कोणी पाहिले काय?

इंग्रजी बातमीतही हा दोष आढळतो. तेथे अधिकारी 'सेड' आणि आंदोलक 'क्लेम्ड' असतात. म्हणूनच तेथील लेखनसंहिता 'क्लेम'बाबत सावध करतात. मराठीत मात्र दोष क्रियापदाऐवजी नामात दडल्यामुळे अधिक अवघड जागी बसलेला आहे.

मराठीची दुसरी अडचण '-ण्यात आले' या रचनेची आहे. 'असे सांगण्यात आले', 'असे स्पष्ट करण्यात आले', 'असा इशारा देण्यात आला' या वाक्यांत कर्ता नाही आणि त्याच्या अभावाने वाक्य अपुरेही वाटत नाही. शासकीय मराठीने रूढ केलेली ही रचना आदेशात एक वेळ शोभते, कारण तेथे कर्ता शासन हाच असतो. बातमीत ती हमीदारच पुसून टाकते. 'असे समजते', 'असे कळते' या रूपांनी किमान आपण ऐकीव सांगत आहोत हे कबूल होते. 'सांगण्यात आले' तेही करत नाही.

तिसरी अडचण वाक्यक्रमाची. मराठीत उक्तिनिर्देशाच्या दोन घडणी आहेत. 'मंत्री म्हणाले की' या घडणीत हमीदार आधी येतो. 'असे मंत्री म्हणाले' या घडणीत शेवटी. दुसरी घडण मराठी क्रियान्त वाक्याच्या प्रकृतीला अधिक मानवणारी आहे आणि बातमीत तीच प्रबळ दिसते. परंतु आतले विधान चार-पाच उपवाक्यांचे झाले तर वाचक तेवढा वेळ ते वार्ताहराचेच कथन म्हणून वाचत राहतो. पुढे पुढे तर आख्खा परिच्छेद विनानिर्देश जातो आणि अखेरीस 'असेही ते म्हणाले' एवढीच पोच मिळते. या 'असेही'ची व्याप्ती मागे किती वाक्यांपर्यंत पोहोचते, हे ठरविणे वाचकावर सोपविलेले असते. लांब विधानात 'अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार' असा निर्देश आरंभीच केल्यास ही संदिग्धता टळते.

६

हा सारा भेद व्याकरणाच्या वर्गापुरता राहत नाही, हे गुन्हेविषयक बातमीत सर्वाधिक जाणवते. 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य मराठी वृत्तपत्राच्या वाचकाला पाठ असते. इंग्रजी मूळ मजकूर काळजीपूर्वक लिहिलेला असेल तर तो असा असतो : 'पोलीस सेड द अक्यूज्ड हॅड कन्फेस्ड.' म्हणजे बाहेरचे विधान पोलिसांचे, आतले कबुलीचे. अनुवादात जागा वाचविण्यासाठी 'पोलिसांनी सांगितले' हा भाग गळतो आणि उरते ती केवळ कबुली. तीही 'कबुली' या तथ्यगृहीतक नामात. आता गुन्हा त्यानेच केला याविषयी वाक्यात शंकेला जागा नाही.

कायद्याची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, असे १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या २५ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या २३ व्या कलमातही तो नियम कायम आहे. जे विधान न्यायालय कानाआड करते, तेच विधान उक्तिनिर्देश गळाल्यामुळे वाचकासमोर सिद्ध सत्य म्हणून उभे राहते. पुढे आरोपी निर्दोष सुटला तरी गावातील वाचकाच्या स्मरणात त्याची 'कबुली'च राहते. दोन शब्दांच्या बचतीची किंमत अशी एका माणसाला मोजावी लागते.

७

आतापर्यंतच्या विवेचनावरून 'सेड' वापरले की वार्ताहराचे कर्तव्य संपले, असा समज होण्याचा संभव आहे. तो समज किती घातक ठरू शकतो याचे उदाहरण अमेरिकेच्या वृत्तपत्रसृष्टीतच मिळते. ९ फेब्रुवारी १९५० रोजी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग येथे भाषण केले. परराष्ट्र खात्यात काम करणाऱ्या २०५ साम्यवाद्यांची यादी आपल्या हाती आहे, असे ते म्हणाल्याचे स्थानिक वृत्तपत्राने छापले. थोड्याच दिवसांत त्यांच्या बोलण्यातील आकडा ५७ झाला आणि २० फेब्रुवारीला सिनेटमध्ये ८१. आरोप सिद्ध झाले नाहीत. तरीही त्यांचे प्रत्येक विधान 'मॅकार्थी सेड' या चौकटीत देशभर छापले गेले. प्रत्येक बातमी शब्दशः खरी होती, कारण ते खरोखरच तसे म्हणाले होते. अनेकांच्या नोकऱ्या आणि नावलौकिक त्या काळच्या संशयाच्या वातावरणात गेले. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने मॅकार्थी यांच्या वर्तनाचा निषेध केला. वृत्तपत्रांच्या या काळातील वर्तनाचा अभ्यास एडविन बेली यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात केला आहे.

तटस्थ क्रियापद दोन विधाने वेगळी ठेवते. आतले विधान तपासण्याचे काम ते करीत नाही. ते काम वार्ताहराचे, आणि ते दुसऱ्या वाक्यात करावे लागते. अलीकडच्या काळात हा वाद पुन्हा उभा राहिला. जानेवारी २०१७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या मतमोजणीविषयीच्या एका विधानाला मथळ्यात 'लाय', म्हणजे असत्यकथन, असे म्हटले. त्यावर आक्षेप असा होता की 'लाय' म्हणण्यासाठी बोलणाऱ्याचा हेतू ठाऊक असावा लागतो. 'विधान चुकीचे आहे' एवढेच पुराव्याने दाखविता येते. वादाचा निर्णय काहीही लागो, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. विधान खोटे असल्याचा पुरावा हाती असेल तर तो स्वतंत्र वाक्यात, उघडपणे, त्याच्या आधारासह द्यावा. क्रियापदाच्या आडून सूचित करू नये. 'दावा केला' म्हणून भुवई उंचावणे हा तपासाला पर्याय होऊ शकत नाही, आणि 'म्हणाले' म्हणून हात झटकणे हाही नाही.

८

एकंदरीत, वृत्तवाक्यातील उक्तिक्रियापद तीन प्रश्नांची उत्तरे देते किंवा लपवते : कोण म्हणाले, त्याच्या म्हणण्याला वार्ताहराने कोणत्या कोटीत बसविले, आणि आतल्या विधानाची हमी कोणी घेतली. इंग्रजी 'सेड'चे सामर्थ्य त्याच्या अर्थदारिद्र्यात आहे. ते मंत्र्याला आणि मजुराला, पोलिसाला आणि आरोपीला एकाच पायरीवर उभे करते. मराठीला यासाठी नवा शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. 'म्हणाले' हे तितकेच जुने, तितकेच साधे आणि तितकेच निःपक्ष क्रियापद तिच्याजवळ आहे. त्याची पुनरुक्ती रुक्ष वाटते म्हणून ते टाळले गेले आणि त्याच्या जागी 'माहिती', 'आरोप', 'कबुली' ही निवाडा देणारी नामे बसली.

पदव्युत्तर वर्गात वृत्तपत्रीय मराठीचे अध्यापन करताना एक साधा स्वाध्याय देता येण्याजोगा आहे. एकाच दिवसाच्या एकाच पानावरील सर्व उक्तिनिर्देश विद्यार्थ्यांनी उतरून काढावेत, प्रत्येकापुढे बोलणाऱ्याचा सामाजिक दर्जा लिहावा, आणि मग सर्व जागी 'म्हणाले' घालून पान पुन्हा वाचावे. कोणती वाक्ये बदलली आणि कोणती जशीच्या तशी राहिली, हे पाहिले म्हणजे भाषेतील सत्तासंबंध सांगण्यासाठी वेगळ्या परिभाषेची गरज पडत नाही. कालव्याच्या टोकाला उभा असलेला शेतकरी 'आरोप' करत नसून पाहिलेले सांगत आहे, एवढे वाचकाच्या ध्यानात आले तरी या स्वाध्यायाचे प्रयोजन साध्य झाले असे म्हणता येईल.